मोची, बंब आणि टोरंटोचा बर्फ

या अंकासाठी हिवाळ्यावर काही लिहा, असा शाळेतून निरोप आला तेव्हा आम्ही दोघेही हसलो. जामबागेत राहून हिवाळ्यावर काय लिहायचे? आपला हिवाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे कानाला मफलर, चहाचा एक कप जास्त, आणि "यंदा थंडी फार" असे रोज एकमेकांना सांगणे. हैदराबादच्या नोंदीतला नीचांक ६.१ अंश सेल्सिअस, तोही जानेवारी १९४६ मधला. बर्फ म्हणाल तर आम्ही पाहिलेला बर्फ मोजमजाही मार्केटातला. लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या हातगाडीवरून यायच्या आणि मागे पाण्याची रेघ सोडत जायच्या. त्याहून निराळा बर्फ पाहण्याचा योग आम्हांला उतारवयात आला. तो एकट्याने नव्हे, एका मांजराच्या संगतीने पाहिला. तेच लिहितो.

आधी जामबागच्या मांजराबद्दल सांगायला हवे. आमच्या जुन्या घरात मांजर पाळलेले असे कधी नव्हते, मांजर असायचे. आम्ही तिला मनी म्हणायचो, समोरच्या तेलुगू घरात ती पिल्ली होती, आणि कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे बिल्ली. तिन्ही नावांना ती ओ द्यायची आणि दूध तिन्ही ठिकाणी पिऊन यायची. थंडी पडली की मात्र मनीचा मुक्काम आमच्याच न्हाणीघरात, कारण तिथे बंब होता.

बंब म्हणजे काय हे आजच्या मुलांना ठाऊक नसेल. तांब्याचे उंच, गोल पात्र असायचे, त्याच्या मधोमध एक नळकांडे. नळकांड्यात कोळसे नाही तर लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या. भोवतीचे पाणी तापायचे. वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी बाहेर. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या तरी बंब तास-दीड तास ऊबदार असायचा, आणि बंब व भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत मनी स्वतःला अशी कोंबून घ्यायची की बाहेरून शेपटीचे टोकसुद्धा दिसू नये. आमचा मुलगा शाळेत जायच्या वेळी तिला तिथून ओढून काढायचा आणि ओरबाडून घ्यायचा. त्याच्या हातावरचे बोरे पाहून वर्गशिक्षकांनी एकदा विचारलेही होते.

तोच मुलगा पुढे टोरंटोला स्थायिक झाला. २०१३ च्या हिवाळ्यात त्याने आम्हांला बोलावून घेतले. "उन्हाळ्यात सगळेच येतात, तुम्ही एकदा बर्फ बघायला या," असा आग्रह होता. स्कारबरो भागात त्याचे घर. घरात तो, सूनबाई, सात वर्षांची नात आणि नातीचे मांजर. मांजराचे नाव मोची! हे नाव फोनवर पहिल्यांदा ऐकले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा माणूस उभा राहिला होता. नातीने आम्हांला समजावले की मोची हा जपानी पदार्थ आहे, तांदळाच्या पिठाचा मऊ पांढरा गोळा. मांजर खरेच तसे होते. उकडीच्या मोदकाची पारी मळून ठेवावी तसे. आम्ही 'मोदक' हे नाव सुचवून पाहिले. ते मंजूर झाले नाही.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी मागच्या अंगणात चार बोटे बर्फ पडलेला दिसला. नातीने "आजी, आबा, लवकर या" म्हणून आम्हांला उठवले ते बर्फ दाखवायला नव्हे, तर मोची बर्फाला काय करते ते दाखवायला. काचेचे सरकते दार तिने हातभर उघडले. मोची ऐटीत उंबऱ्यापर्यंत गेली आणि थबकली. काल होते ते लाकडी अंगण कुठे गेले? तिने नाक पुढे करून हुंगले, मिशा पुढे केल्या. मग उजवा पाय अगदी हळू खाली ठेवला. पाय आत गेला. तो तिने असा झटकन वर घेतला जणू गुळाच्या काकवीत पडला होता, आणि झटक झटक झटकला. थोडा वेळ विचार करून डावा ठेवला. त्याचेही तेच. शेवटी ती तोंड न वळवता उलट्या पावलांनी घरात आली, बर्फाला न लागलेले मागचे दोन्ही पायही एकेक करून झटकले, शिंकली, आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की हा उद्योग आम्हीच हैदराबादहून आणला आहे. नंतर दार लागल्यावर काचेच्या अलीकडून पडणाऱ्या कणांवर पंजे मारायला मात्र तिला फार आवडायचे. आम्हांला हसायचा अधिकार नव्हता. त्याच दुपारी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आम्ही त्याच उंबऱ्यावर उभे राहिलो, एक पाय खाली ठेवला, आणि परत आत घेतला. नात दोन्ही खेपेला सारखीच हसली.

पाळीव मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रुक्ष प्रदेशातले रानमांजर. तो वाळूचा प्राणी, बर्फाचा नव्हे. अंगावर कपडे असले की आपल्याला वीस-बावीस अंशांत बरे वाटते. मांजराला खरे बरे वाटते ते तिसाच्या पुढे. म्हणून ते उन्हाच्या कवडशाबरोबर खोलीभर सरकत राहते. याच घराण्यातल्या हिमबिबट्याने मात्र बर्फात संसार थाटला आहे. त्याचे पंजे रुंद आणि केसाळ, शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब, ती झोपताना तोंडावर ओढून घेता येते. आपल्या देशात लडाखपासून अरुणाचलपर्यंत ते ७१८ असल्याचा अंदाज २०२४ मध्ये जाहीर झाला. मोचीच्या अंगात मात्र यातले काही नव्हते. तिच्याकडे एकच गोष्ट होती, ती पुढे येईल.

२० डिसेंबरच्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला. पाऊसच, बर्फ नव्हे. आम्हांला जरा हायसे वाटले. मुलगा मात्र खिडकीशी उभा राहून "हे वाईट आहे" म्हणाला. कारण असे की, अशा वेळी वर आकाशात हवेचा एक थर ऊबदार असतो, त्यातून उतरताना बर्फाचे पाणी होते. पण जमिनीलगतची हवा शून्याच्या खाली असते. थेंब अधांतरी गोठायला वेळ मिळत नाही, ते पाणीच राहतात, आणि फांदीला, तारेला, पायरीला लागले की जागच्या जागी काच होतात. पुन्हा थेंब, पुन्हा काच. २२ तारखेला रविवारी पहाटे आम्ही जागे झालो ते आवाजाने. आधी वाटले कुणी दिवाळीचे सुतळी बॉम्ब लावते आहे. झाडे मोडत होती. बर्फाच्या भाराने हातभर जाडीच्या फांद्या तारांवर कोसळत होत्या, आणि तारा तुटल्या की क्षितिजावर निळा उजेड चमकायचा. मग आमच्या घरातला घुरघुर आवाज थांबला. वीज गेली.

टोरंटोत त्या वेळी सुमारे तीन लाख वीजजोडण्या बंद पडल्या होत्या, म्हणजे माणसे कितीतरी अधिक. काही वस्त्यांत नाताळ उलटून गेला तरी वीज आली नव्हती. आपल्याकडे वीज जाणे म्हणजे पंखा बंद होणे, फार तर मोटार न चालणे. तिथे वीज गेली की घर थंड होऊ लागते. भट्टी गॅसवर चालते खरी, पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवर, आणि तो बंद असला की भट्टीही पेटत नाही. शेगडीही विजेची, त्यामुळे चहा नाही. पहिल्या दिवशी आम्ही सोबत नेलेला चिवडा आणि उस्मानिया बिस्किटे यांच्यावर भागवले. दोन दोन स्वेटर, त्यावर कोट, पायांत मोज्यांचे तीन जोड. सोमवारी सकाळी दिवाणखान्यातला पारा बारावर आला होता, आणि आमच्या तोंडातून बोलताना वाफ निघू लागली.

मागच्या अंगणात मांस भाजायची गॅसची शेगडी होती. ती आत आणून पेटवू, आपण नाही का खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचो, असे आम्ही सुचवले. एरवी आमच्या शब्दाला मान देणारा मुलगा ताडकन "अजिबात नाही" म्हणाला. आपल्या जुन्या घरांच्या कौलांना, दारांना फटी होत्या. तिथले घर बूच मारलेल्या बाटलीसारखे. आत आग पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसे झोपेतच जातात. त्या दिवसांत टोरंटोच्या अग्निशमन दलाकडे अशा तक्रारींचा ओघ लागला होता. मुलांनो, हे ध्यानात असू द्या. बंद खोलीत शेगडी ही आपल्याकडेही तितकीच घातक.

आता आमच्या चुकीकडे येतो. सोमवारी दुपारी आम्हांला बाहेरचे झाड जवळून पाहण्याचा मोह झाला. प्रत्येक काडी, प्रत्येक कळी स्वतंत्रपणे काचेत मढवलेली होती. असले दृश्य पुन्हा आयुष्यात दिसणार नाही म्हणून आम्ही पुढचे दार उघडले, एकाने दुसऱ्याचे बूट चढवायला मदत केली, मग हातमोजे विसरले म्हणून एकजण आत गेला. दार तेवढा वेळ उघडे राहिले. दोन मिनिटे, असे आम्ही म्हणतो. नात अजूनही दहा म्हणते.

तासाभराने मोची घरात कुठे दिसेना. पलंगाखाली नाही, कपाटात नाही, नातीच्या दुलईत नाही. मुलगा टॉर्च घेऊन तळघरातही डोकावून आला. नातीने एकदा दाराकडे पाहिले, एकदा आमच्या बुटांकडे. एरवी आमच्याशी निम्मे इंग्रजी बोलणारी ती पोर त्या वेळी अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "तुम्ही दार उघडं ठेवलंत." आणि मग काही बोललीच नाही.

पांढरे मांजर पांढऱ्या बर्फात शोधायचे होते. पाऊलखुणाही नव्हत्या, कारण बर्फावर काचेची साय धरली होती आणि मांजराच्या वजनाने ती मोडत नाही. मुलगा आणि सून एका बाजूला, आम्ही नातीला घेऊन दुसऱ्या बाजूला. शेजारी श्रीलंकेहून आलेले एक तमिळ कुटुंब राहायचे. त्या घरचे आजोबा न बोलावता काठी टेकत आले आणि गल्लीतल्या प्रत्येक मोटारीच्या बॉनेटवर हाताने थापा मारू लागले. आम्हांला वाटले म्हातारबुवांना राग आला आहे. मग कळले की थंडीत मांजरे गरम इंजिनापाशी शिरून बसतात आणि गाडी सुरू झाली की जीव जातो. म्हणून तिथे निघण्यापूर्वी बॉनेट वाजवायची रीत आहे. मुलाने आणखी सांगितले की रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेले मीठ मांजर पाय चाटताना पोटात घेते, आणि गाड्यांतले गोठणरोधक द्रव गळलेले असेल तर ते थोडेसेही विष. सांगायची ही वेळ नव्हती. नात ऐकत होती.

साडेचार-पावणेपाचला तिथे अंधार पडतो. रस्त्यावरचे दिवे नाहीत, घरांतले नाहीत. आम्ही 'मोची', 'माऊ', 'मनी', सगळ्या हाका मारून पाहिल्या. हाक मारली की यावे हा कुत्र्याचा धर्म आहे, मांजराचा नव्हे, हे ठाऊक असूनही मारत राहिलो. त्यातच आमच्यापैकी एक जण पायरीवरून घसरून हातावर पडला. कोण, ते इथे लिहायचे नाही असे आमच्यात ठरले आहे. शोध तिथेच थांबला. पारा शून्याच्या बराच खाली गेला होता. घरात वाढलेले मांजर अशा रात्री किती तास तग धरते, हा प्रश्न कुणी उघड विचारला नाही.

घरात मेणबत्तीभोवती बसलो. नात जेवली नाही. तिची आई तिची समजूत घालत होती, आणि ती आमच्याकडे पाठ करून बसली होती. नातवंडाची पाठ पाहणे काय असते ते ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. मनगट सुजत चालले होते. सूनबाई उठून गेल्या आणि रबरी पिशवीत गरम पाणी भरून घेऊन आल्या. पिशवी चांगली कढत होती. पिशवी हातावर ठेवली, आणि मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वीज नाही, शेगडी नाही, मग पाणी कढत कसे? सकाळी तोंड धुताना आले ते परवाचे उरलेले कोमट असेल, अशी आमची समजूत होती.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाण्याची टाकी जुन्या पद्धतीची आहे. खाली गॅसची छोटी ज्योत सतत जळत असते. तिला वीज लागत नाही."

"कुठे आहे?"

"तळघरात, कोपऱ्यात."

आम्ही दोघे एकदमच म्हणालो, "म्हणजे बंब!"

मुलाने आमच्याकडे पाहिले, आणि त्याचा हात आपोआप दुसऱ्या हाताच्या मनगटावर गेला, जिथे मनीचे बोरे उठायचे तिथे. तो काही न बोलता टॉर्च घेऊन उठला. नात त्याच्या आधी जिन्यावर पोचली होती. तळघरातल्या त्या खोलीत तो दुपारी डोकावला होता खरा, पण दारातूनच. टाकीपुढे रिकाम्या खोक्यांची चवड होती. खोकी बाजूला केली. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत पांढरा गोळा होता. टॉर्चचा उजेड डोळ्यांवर आला म्हणून मोचीने एक डोळा किलकिला केला, जांभई दिली, आणि झोपमोड झाल्याची नाराजी दाखवून पुन्हा तोंड पोटात घातले. ती दारातून बाहेर गेलीच नव्हती. आम्ही बुटांशी झटापट करत होतो तेव्हाच, किंवा त्याच्याही आधी, त्या गारठलेल्या घरातली एकमेव ऊबदार जागा तिने हुडकून काढली होती. ज्या घरात दोन इंजिनिअर होते त्या घरात!

नातीने तिला ओढून काढले नाही. ती खाली फरशीवर पालथी पडून नुसती तिच्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि स्वतःची उशी घेऊन आली. त्या रात्री आम्ही पाचही जण गाद्या घेऊन तळघरातच उतरलो. जमिनीच्या पोटातली खोली वरच्यासारखी झटपट गार होत नाही, हेही आमच्या ध्यानात तेव्हाच आले. विषारी वायूची सूचना देणारे यंत्र बॅटरीवर चालू आहे की नाही ते मुलाने दोनदा तपासले. टाकीच्या खोलीचे दार उघडे ठेवले, आणि आम्ही दाराशी ओळीने. मध्यरात्री मोची बाहेर आली, सगळ्यांच्या अंगावरून चालत तिने एकेकाची पाहणी केली, आणि सुजलेल्या मनगटाशेजारी गरम पाण्याची पिशवी होती तिथे जाऊन बसली. आमच्यावर प्रेम म्हणून नव्हे. पिशवी होती म्हणून.

नात आमच्याशी लगेच काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने अंधारातून प्रश्न आला, "आजी, बंब म्हणजे काय?" मग न्हाणीघर, तांब्याची तोटी, मनीची तीन नावे, तिच्या बाबाच्या हातावरचे ओरखडे, हे सगळे सांगता सांगता रात्र सरली. मध्येच ती म्हणाली, "बाबा, तुला माहीत होतं, तरी तू नीट बघितलं नाहीस?" मुलगा झोपल्याचे सोंग घेऊन पडला होता.

नाताळच्या दिवशी संध्याकाळी वीज आली. मनगटाच्या हाडाला बारीक तडा गेला होता. प्लास्टर महिनाभर होते. संक्रांतीला मराठी मंडळींकडे हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता, तिथे आमच्यापैकी एकाने तिळगूळ डाव्या हाताने वाटला आणि प्रत्येकाला क्षमा मागितली. मोचीने त्यानंतर पडलेल्या प्रत्येक बर्फाला तेच केले. एक पाय, झटकणे, दुसरा पाय, झटकणे, आणि उलट्या पावलांनी घरात. तिच्या मते बर्फ हा दर वेळी नवाच होता.

मार्चमध्ये आम्ही परत आलो. जामबागच्या जुन्या घराचे तोवर फ्लॅट झाले होते. बंब गॅलरीत कुंड्यांच्या मागे काळा पडून उभा होता, आणि जाण्यापूर्वीच आम्ही तो मोडीत द्यायचे ठरवले होते. तांब्याला भावही बरा आला होता. भांडीवाला वजन करायला आला त्या दिवशी नातीचा फोन होता. मागे काय चालले आहे ते तिने विचारले, आम्ही सांगितले. ती म्हणाली, "मग मनी कुठे बसेल?"

मनीला जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. तरी भांडीवाल्याला आम्ही चहा पाजून परत पाठवले. नात आता कॉलेजात आहे, मोची म्हातारी झाली आहे आणि दिवसाचा बराच वेळ तळघरात असते. आमच्या गॅलरीतला बंब अजून आहे. त्यात आग घालून किती वर्षे झाली, पण सकाळी नऊच्या सुमाराला त्याच्यावर ऊन येते, आणि खालच्या मजल्यावरचे एक तांबूस मांजर त्या वेळेला कठड्यावरून चालत येते. त्याला आम्ही अजून नाव ठेवलेले नाही.